दुसऱ्याच्या नावची फुंकर

भात्याला खरं नाव होतं, नाही असं नाही. पण कारखान्यात त्या नावाने कुणी हाक मारली असती, तर पठ्ठ्याने मान वळवूनही पाहिलं नसतं. बावीस वर्षं तो भाताच. लोहाराकडे विस्तव फुलवायला असतो, तो भाता. हे नाव ठेवलं होतं मुकादमाने. आणि मुकादम कोण, तर भात्याचा जिवलग. दोघं एकाच दिवशी कामाला लागले, एकाच डब्यातून जेवले. पुढे एक मुकादम झाला आणि एक चाळणीवरच राहिला, तरी त्यांचं अरेतुरे काही सुटलं नाही. अशा दोस्तीचा माणसाने अभिमान धरावा की नाही? भात्याने धरला. त्याचं काय झालं ते सांगतोच, पण आधी कारखाना बघा.

दगड दळायचा कारखाना तो. एका बाजूने धोंडे आत जायचे आणि दुसऱ्या बाजूने पांढरंशुभ्र पीठ बाहेर पडायचं. हे पीठ रंगात जातं, फरशीत जातं, भांडी घासायच्या पावडरीत जातं आणि उरलेलं कामगारांच्या छातीत जातं. हे शेवटचं अर्थात गोणीवर छापत नाहीत. संध्याकाळी पाळी सुटली की माणसं भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर पडायची, आणि फाटकासमोरच्या चहावाल्याला आपलं गिऱ्हाईक आवाजावरून ओळखावं लागायचं. धूळ ओढून घ्यायला छताला एक मोठा पंखा होता. तपासनीस यायचा त्या दिवशी तो फिरायचा. एरवी का नाही, तर म्हणे माल पण ओढून नेतो.

भाता चाळणीवर. चाळणीची जाळी बारीक, घटकाभरात बुजायची. ब्रशने घासली तर तारा वाकतात. म्हणून भाता वाकायचा, जाळीला तोंड लावायचा आणि लांबलचक फुंकर घालायचा, फूऽऽऽ! आणि ती संपता संपता कोपऱ्यातली धूळ उडवायला वर एक छोटी, फुक्! दोन फुंकरीत जाळी लख्ख. दुसऱ्या कुणाला ते कधी जमलं नाही. घरी दिवा विझवायचा असला तरी हा बाबा फूऽऽऽ करून वर फुक् करायचाच. बायको म्हणायची, "अहो, विझला तो मघाशीच. आता काय भिंत पाडताय?"

आता तपासणीचं सांगतो. सगळं तिथेच अडलंय.

वर्षातून एकदा छातीची तपासणी व्हायची. कारखान्याचा दवाखाना म्हणजे गोदामामागची एक खोली. त्यात टेबल, वजनकाटा, एक खाट आणि एक कंपाउंडर. डॉक्टर नुसता सहीपुरता, तोही आठवड्याने उगवणारा. कामगाराने नाकाला चिमटा लावायचा, पुठ्ठ्याची नळी तोंडात धरायची, छाती भरून घ्यायची आणि मशीनमध्ये असेल नसेल तेवढा दम लावून फुंकायचं. लगेच कागद बाहेर यायचा. त्यावर एक रेघ, चढत जाणारी आणि उतरणारी. कामगार तिला टेकडी म्हणत. ज्याची टेकडी उंच तो पास. ज्याची बसकी, त्याला कंपनी गोड आवाजात सांगायची, "घरी आराम करा, बरं वाटलं की या." आरामाला गेलेला एकही माणूस फाटकातून परत आत आलेला कुणी पाहिला नव्हता.

बारा वर्षांपूर्वी गोणी उचलणाऱ्या लांबूची टेकडी बसली. लांबूने हातपाय गाळले. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारा हा एकटा. तेव्हा मुकादम भात्याला बाजूला घेऊन म्हणाला, "भात्या, तुझ्या छातीत दोन माणसांची हवा आहे. एक फुंकर लांबूच्या नावाने घाल की. तुझं काय जातंय?" खरंच काय जात होतं? भाता मागच्या दाराने दवाखान्यात शिरला. कंपाउंडर खिडकीबाहेर बघत बसला. फूऽऽऽ, फुक्! लांबू पास. दुसऱ्या दिवशी लांबूने भात्याचे पाय धरले, आणि भात्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग ती रीतच पडली. तपासणी आली की मुकादमाकडे चिठ्ठी तयार असायची, यंदा कोणाकोणाची टेकडी बसली त्याची. आधी सात-आठ नावं होती, मग पंधरा, मग तीस. भाता दिवसभर थांबत थांबत फुंकायचा, मधेमधे मुकादम स्वतःच्या हाताने त्याला चहा आणून द्यायचा. तीस घरांची चूल माझ्या दमावर पेटते, असं भाता बायकोला सांगायचा. आता तुम्ही म्हणाल, ही तर लबाडी. हो, होती. पण ती करताना भात्याच्या मनात पाप नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. अक्कल नव्हती, हेही सांगतो. कारण एके वर्षी कामगार साहेबांकडे गेले, म्हणाले, पंखा रोज चालू ठेवा, धुळीने जीव जातो. साहेबांनी फाइल उघडली आणि म्हणाले, "जीव जातो? अहो, तुमच्या सगळ्यांच्या टेकड्या बघा. पैलवान आहात नुसते! पंखा कशाला हवाय?" कामगार मुकाट खाली मान घालून परत आले. भात्याला तर तेव्हा चक्क हसू आलं होतं. मुकादमाला त्या वर्षी 'निरोगी विभाग' म्हणून भिंतीवर लावायची पाटी मिळाली.

आणि आता धाकटा.

धाकटा म्हणजे भात्याचा सख्खा भाऊ, आठ वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, त्याला वाढवला तो भात्याने आणि वहिनीने. त्याला कारखान्यात चिकटवलाही भात्यानेच. एकाच इमारतीत, चौथ्या मजल्यावर, दोघांची शेजारी शेजारी बिऱ्हाडं. धाकट्याला सुपारीचंही व्यसन नाही. दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

चार वर्षांपूर्वी तपासणीच्या दिवशी मुकादमाने भात्याला खूण केली. गोदामाच्या आडोशाला नेऊन हळूच म्हणाला, "धाकट्याची टेकडी बसली रे. फार बसली." धाकट्याच्या बायकोला तेव्हा सातवा महिना. "त्याला कळलंय का?" भात्याने विचारलं. "नाही. बाहेर बाकावर बसलाय," मुकादम म्हणाला. "तू सांग, काय करायचं?"

पुढे कितीतरी वेळा भात्याला ते आडोशाचं बोलणं आठवलं. तिथे दोन रस्ते होते. त्याने मागच्या दाराचा धरला. फूऽऽऽ, फुक्! मग पुढच्या बाजूने येऊन बाकावरच्या धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "ठणठणीत आहेस लेका! घोड्यासारखी छाती आहे तुझी." धाकटा म्हणाला, "पण दादा, मला तर फुंकताना ठसका लागला." भाता म्हणाला, "मशीनला कळतं की तुला?" बाळंतपण होऊ दे, वर्षभरात त्याला दुसरीकडे काम बघू, असं त्याने मनाशी पक्कं ठरवलं होतं. पुतणी झाली, रांगली, चालायला लागली. काम काही बघून झालं नाही. पुढची दोन वर्षंही धाकट्याच्या नावची फुंकर भात्याचीच होती.

मग गेल्या वर्षी एक गंमत झाली. म्हणजे तेव्हा भात्याला ती गंमतच वाटली. तो स्वतःच्या नावाने फुंकायला बसला आणि मधेच खोकला आला. कंपाउंडरने कागद बघितला, मुकादमाला दाखवला. मुकादम हसला, भात्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर्दी झालीय तुला. ऊठ. बाकीच्यांसाठीही यंदा तू फुंकू नकोस, नव्यांना शिकू दे जरा. किती दिवस तूच राबणार?" भात्याला मान गेल्यासारखं वाटलं, थोडा रागही आला. पण घरी येऊन बायकोला म्हणाला, "बघ, मुकादमाला माझी किती काळजी!" आठवड्याने कागद आला, ठणठणीत. भात्याने तो वाचलासुद्धा नाही.

त्या वर्षापासून जिने चढताना दोघा भावांना धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला वळण आहे, तिथे एक रुंद पायरी. दोघं तिथे टेकायचे. धाकटा म्हणायचा, "चला, स्टेशन आलं." भाता म्हणायचा, "गाडी किती वेळ थांबते हो मास्तर?" "इंजिनात वाफ भरेपर्यंत!" मग दोघं हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि वरून वहिनी ओरडायची, "उतारू लोकहो, चहा गार झाला!" वयाने होतं असं भाता म्हणायचा. शेहेचाळीसाव्या वर्षी. आणि धाकटा अडतिसाचा.

त्यात साखर निघाली. म्हणजे रक्तात. आधी भात्याच्या, मग धाकट्याच्या. आता बायकोचा संशय बघा. भाता चहात साखर घालत नाही, गोडाला हात लावत नाही, पोट सुटलेलं नाही, मग ही साखर आली कुठून? नक्की बाहेर चोरून खातोय! तिने साखरेचा डबा कपाटात कुलपात ठेवला आणि चहावाल्याला जाऊन दम दिला. चहावाला शपथेवर सांगतोय, "वहिनी, बिनसाखरेचाच पितो तो," आणि ही म्हणतेय, "तुम्ही सगळे एकाला एक सामील!" भात्याने हे सगळं हसण्यावारी नेलं. पण न केलेल्या चोरीचा आळ घरातल्याच माणसाने घेतला की लागतं ते लागतंच.

एके दिवशी कामावर गोण्या रचता रचता धाकटा खाली बसला तो उठेना. ओठ निळे पडले. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे छातीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, बोलायला तिखट पण हात मायेचा. त्यांनी फोटो काढला, फुंकायला लावलं आणि सांगितलं की छातीत दगडाचं पीठ बसलंय, ते आता निघायचं नाही. जे शिल्लक आहे ते वाचवायचं असेल तर आजपासून धूळ बंद. मोठे उपचार लागतील. पण त्यासाठी कंपनीने हा कामाचा आजार आहे असं मान्य करायला हवं.

कंपनीने मान्य केलं नाही. दर वर्षीचे कागद जोडून उत्तर पाठवलं की गेल्या वर्षापर्यंत यांची छाती उत्तम होती, सबब आजार बाहेरचा आहे, बहुधा बिडीचा. आणि साखर तर तोंडामुळेच वाढते. धाकट्याने आयुष्यात बिडी ओढली नव्हती. तो नुसता कागदाकडे बघत म्हणाला, "दादा, मला तर ठसके लागत होते. हे कागद असे कसे रे?" भाता म्हणाला, "कंपनीने फिरवले असतील." आणि तोंड फिरवून पाणी प्यायला गेला. कामगार कचेरीत अर्ज केला होता, चौकशीची तारीख पडली. धाकट्याचं सगळं आता त्या तारखेवर आलं.

चौकशीच्या आठ दिवस आधी डॉक्टरीणबाईंनी भात्यालाही तपासायला बोलावलं. जाताना भात्याने ट्रंकेतला आपला सगळ्यात उंच टेकडीचा कागद बरोबर घेतला. जुना, सात-आठ वर्षांपूर्वीचा, जपून ठेवलेला. अंगात अजून रग होती ना!

"हे बघा बाई, माझी छाती."

बाईंनी कागद बघितला. पुन्हा बघितला. मग फाइलमधून धाकट्याचे कागद काढून शेजारी मांडले. मोठ्या टेकडीच्या उतारावर, पायथ्याशी, एक छोटं टेकाड. भात्याच्या कागदावर तसंच. धाकट्याच्या गेल्या वर्षाआधीच्या तिन्ही कागदांवर तसंच.

"असं टेकाड मी कुणाच्याच कागदावर पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्हा दोघा भावांच्या कागदांवर ते नेमकं एकाच जागी आहे. ही फुंकर कोणाची आहे?"

भाता आपल्या कागदाची घडी घालू लागला. बाईंनी त्याच्याही छातीचा फोटो काढला, मग नळी पुढे केली. त्याने छाती भरून घेतली. निदान घ्यायला गेला. निम्म्यातच खोकला. कागदावर टेकडी कसली, नुसता उंचवटा आला.

मग बाईंनी कंपनीकडून आलेला त्याचा गेल्या वर्षीचा कागद काढला. उंच टेकडी, गुळगुळीत उतार. टेकाड नाही.

"आणि ही तुमची नाही," बाई म्हणाल्या.

भात्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. सर्दी झालीय तुला, ऊठ. खांद्यावरचा तो हात. मुकादमाने त्याचा कागद डोळ्यांनी पाहिला होता, खोटा दुसरा करवला होता आणि त्याला परत त्याच चाळणीवर, त्याच धुळीत उभा केला होता. आठ महिने! रोज दुपारी समोर बसून त्याच्या डब्यातली पोळी खात! बावीस वर्षांची दोस्ती, आणि असा केसाने गळा कापतात?

"आणि साखर?" त्याने कसंबसं विचारलं. "ती पण... बायको म्हणते मी चोरून खातो."

"काही चोरून खात नाही तुम्ही," बाई म्हणाल्या. "एवढी बारीक धूळ नुसती छातीत बसत नाही. शरीराला आतून सारखी सूज ठेवते. आणि सूज असली की खाल्लेलं अंगी लागायला जे सामान लागतं, ते नीट चालत नाही. साखर रक्तातच फिरत राहते. दूषित हवेत राहणाऱ्यांना हा आजार जास्त होतो. प्रत्येकाला धुळीनेच होतो असं मी म्हणणार नाही. पण दोन भाऊ, दोघं बारीक, दोघं एकाच धुळीत, तिकडे बघायला नको? बायकोला पाठवा माझ्याकडे, मी समजावते."

निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला हे मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही सांगा. चौकशीच्या आधी."

घरी बायकोने सगळं ऐकलं, कपाट उघडलं आणि साखरेचा डबा परत फळीवर ठेवला. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "भाऊजींना सांगा. आजच सांगा."

आठ दिवस होते. आठही दिवस दोघं भाऊ दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसले. भाता रोज ठरवून बसायचा. तोंड उघडायचा, आणि धाकटा म्हणायचा, "दादा, तू आहेस म्हणून मी निभावतोय हं हे सगळं." झालं, भात्याची बोबडी वळायची. उद्या सांगू. आणि सांगायचं नसलं की माणसाला दुसऱ्याचा राग किती कामाला येतो बघा! भाता आठ दिवस मुकादमाला शिव्या घालत राहिला. विश्वासघातकी, अस्तनीतला निखारा, काय काय. धाकटा म्हणायचा, "जाऊ दे दादा, तुला धाप लागते."

चौकशीच्या दिवशी कचेरीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधे अधिकारी, एका बाजूला कंपनीचा माणूस आणि मुकादम, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीणबाई आणि दोघे भाऊ. मुकादमाने भात्याला पाहून मान हलवली. भात्याने भिंतीकडे पाहिलं.

भाता उभा राहिला आणि सांगितलं ते असं. आमच्या कारखान्यात एकाच्या नावाने दुसरा फुंकतो. मी स्वतः अकरा वर्षं फुंकलं, लांबूच्या नावाने आणि आणखी कितीतरी जणांच्या. फाइलमधले कागद खोटे आहेत.

"तुमच्या भावाचेही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"खोटेच आहेत साहेब."

"त्यांच्या नावाने कुणी फुंकलं?"

डॉक्टरीणबाई भात्याकडे बघत होत्या. धाकटाही, भाबडेपणाने. "ते... कोणालाही बसवायचे साहेब. मुकादम बसवायचे."

कंपनीचा माणूस हसला. "पुरावा काय? उद्या कुणीही उठून म्हणेल."

"माझी फुंकर वेगळी आहे," भाता म्हणाला. "मोठी आणि वर एक छोटी. लांबूचा कागद काढा, त्यावर टेकाड दिसेल. मी आत्ता फुंकून दाखवतो."

बाईंनी मशीन आणलंच होतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी. तीस घरांची चूल पेटवणाऱ्या भात्याने फुंकलं, आणि आवाज आला तो नुसता फुस्स. वरची फुक् आलीच नाही. खोकल्याने त्याला टेबलाला धरावं लागलं. कागदावर उंचवटा. टेकाड नाही.

"बघा," कंपनीचा माणूस म्हणाला. "कुठाय यांची ती वेगळी फुंकर?"

भात्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, यांचा कंपनीचाच गेल्या वर्षीचा कागद बघा. आठ महिन्यांपूर्वी तरण्याताठ्या माणसाची छाती, आणि आज ही. छातीत साठलेलं पीठ आठ महिन्यांचं नाही, फोटो सांगतोय. मग आठ महिन्यांपूर्वी फुंकलं कुणी?"

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले. मग चष्मा काढून म्हणाले, "फाइलवर माझा विश्वास नाही. सगळ्या कामगारांची तपासणी सरकारी दवाखान्यात पुन्हा होईल. या अर्जदाराचे उपचार आजपासून कामाचा आजार धरून सुरू करा, आणि या दोघा भावांना धुळीवर पाठवायचं नाही."

धाकट्याने भात्याचा हात घट्ट दाबला. जिंकलं होतं! आणि धाकट्याला काही कळलंही नव्हतं. खरं तर तिथेच भात्याने गप्प बसायचं. पण छातीवरचं ओझं उतरलं तशी आठ दिवसांची आग उसळून वर आली. सगळे उठत असताना तो मुकादमाच्या समोर जाऊन उभा राहिला.

"तुला ठाऊक होतं. माझा कागद तू बघितला होतास. मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?" मुकादम पुटपुटला. "घरी बसला असतास. तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं ठरवणारा तू कोण? अरे, माझी छाती होती ती! मला कळायला नको? आठ महिने माझ्या डब्यात जेवलास आणि मला मरणाच्या तोंडी उभा केलास. ज्याला आपला म्हटलं त्याच्याशी असं वागतं कुणी?"

मुकादमाने मान वर केली. त्याने भात्याकडे नाही, मागे उभ्या असलेल्या धाकट्याकडे बघितलं.

"तू धाकट्याला सांगितलं होतंस का?"

भाता दाराकडे बघायला लागला.

"त्याची टेकडी बसली तेव्हा मी आधी तुलाच विचारलं होतं. तू नको म्हणाला असतास तर मी त्याला त्याच दिवशी सांगणार होतो. मागच्या दाराने जाऊन कुणी फुंकलं? आणि बाहेर येऊन ठणठणीत आहेस कोण म्हणालं? मी तुझ्याशी जे केलं ना भात्या, ते तुझ्याकडूनच शिकलो."

मुकादम निघून गेला. डॉक्टरीणबाई आपले कागद गोळा करत राहिल्या, खाली बघून.

"कधीची गोष्ट दादा?" धाकट्याने विचारलं.

"घरी बोलू रे."

"कधीची?"

"छोकरी व्हायची होती तेव्हाची."

धाकट्याने बोटांवर मोजलं नाही. मुलीचं वय त्याला पाठ होतं. "चार वर्षं," तो म्हणाला. एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. त्याने शिवी दिली असती तर भात्याला बरं वाटलं असतं.

बसमध्ये दोघं पुढेमागे बसले. इमारत आली. धाकटा पुढे, भाता मागे. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याचं वळण आलं, रुंद पायरी आली. भाता सवयीने टेकला आणि शेजारी जागा ठेवून सरकून बसला.

धाकटा थांबला नाही. कठड्याला धरून, एकेक पायरी ओढत, तो वर निघाला. त्याची धाप जिन्यात घुमत होती. तिसऱ्या मजल्यावर खोकला आला, तिथेही तो बसला नाही. "अरे, बस, टेक जरा, जीव जाईल तुझा," असं ओरडायला भात्याने तोंड उघडलं, पण वरपर्यंत ऐकू जाईल एवढा दम त्याच्यात उरला नव्हता.